पाचव्या पातळीवर नसलेली विहीर

१

खडकसांगवीची विहीर नाहीशी झाली ती भर दुपारी, गावाच्या डोळ्यांदेखत, आणि तीही जवळ जाऊन पाहताना.

१९९९ सालचा मे महिना होता. नगरच्या सावेडीत पाणवठा मंडळाची कचेरी होती, तिथे कॉम्प्युटरवरचा नकाशा बघायला गावची मंडळी टेम्पो करून आली होती. मंडळाने दोन वर्षं खपून पारनेर तालुक्यातल्या काही गावांची शिवारं कॉम्प्युटरवर चढवली होती. पडद्यावर एक पान उघडायचं, इंटरनेटवर उघडतं तसंच, आणि माउसने टिचकी मारत नकाशात खाली उतरायचं. पहिल्या पातळीवर सगळा तालुका. मग ओढ्याचं खोरं, मग गाव, मग गावाची शिवारं आणि शेवटी पाचव्या पातळीवर बांध, झाडं, विहिरी. दर पातळीवर नकाशा चौकोनांत कापलेला होता आणि वरच्या एका चौकोनाचे खाली चार होत. पडद्यावर लागतील तेवढेच चौकोन मशीन आणून शेजारी शेजारी मांडायचं. बघणाऱ्याला वाटायचं, एकच अखंड कागद आहे.

दुरुस्तीसाठी कोणत्या जुन्या विहिरी घ्यायच्या ते या नकाशावरूनच ठरणार होतं. मंडळाचा नियम होता की पाचव्या पातळीवर जे दिसेल तेच धरायचं.

चौथ्या पातळीवर वस्तीच्या खालच्या अंगाला एक बारीक गोल दिसला तशी गोजरबाई जगधने खुर्चीवरून उठल्याच.

"हीच आमची हीर! आरं पंकज, अजून जवळ घे की."

त्यांचा नातू पंकज मंडळात कॉम्प्युटरवर बसत असे. त्याने टिचकी मारली. नवे चौकोन एकेक करून भरले. ओढा रुंद झाला, बांध ठळक झाले. गोल होता तिथे कोरं रान होतं.

"कुठं गेली रं?"

पंकज एक पातळी मागे गेला. विहीर होती. पुन्हा पुढे गेला. नव्हती.

"लांबून दिसती आन् जवळ गेलं का नाय," मागून आप्पासाहेब गाजरे म्हणाले. ती जमीन त्यांच्या वहिवाटीत होती. "आमी पहिल्यापासून सांगतोय, तितं हीर नव्हती. आमच्या आज्यानं दगड काढला, त्याची खान हाय ती. बुजली आता." मग त्यांनी पंकजच्या पाठीकडे पाहिलं. "मधल्याच पातळीवर हा गोल लावला कुनी, ते बी बघा जरा. मशीनवर बसलंय कोन?"

खोलीत कोणी बोललं नाही. पंकजही नाही.

२

यशोधरा भिंगारदिवे तंत्रनिकेतनात भूमापन शिकवत. पंकज त्यांचा विद्यार्थी. मंडळाचे कार्यवाह राधाकृष्ण बोरुडे दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी आले, तेव्हा त्या उत्तरपत्रिका तपासत होत्या.

"चौकशी तुम्ही करा," बोरुडे म्हणाले. "सोमवारी यादी वर पाठवायची आहे. त्याआधी समितीपुढे काय ते सांगा."

"आप्पासाहेबांना मी चालेन?"

बोरुडेंनी चहाची बशी उगाच फिरवली. "म्हणाले, बाई वस्तीवाल्यांच्याच समाजाच्या. मग म्हणाले, पण मोजणीत कुणाच्या बापाला ऐकायच्या नाहीत, तर असू द्या."

यशोधराबाईंना हसू आलं. "मूळ कागद कुठे आहेत?"

तिथेच तर गोची होती. सत्तर-बहात्तरच्या दुष्काळात वस्तीच्या लोकांनी रोजगाराच्या कामावर ही विहीर खणली, असं गोजरबाई सांगत. सरकारी नकाशात तिची नोंद कधी झालीच नाही. मंडळाच्या लोकांनी शिवार पायी फिरून नकाशा काढला, त्यात ती पहिल्यांदा कागदावर आली म्हणे. पण स्कॅन झाल्यावर ते कागद कचेरीमागच्या खोलीत रचून ठेवले आणि गेल्या पावसाळ्यात त्यांना वाळवी लागली. आता जे होतं ते कॉम्प्युटरवर होतं. जागेवर होता तो बाभळी माजलेला एक खोलगट खड्डा. वस्ती त्याला विहीर म्हणे, गाजरे खाण म्हणत. तो उकरून बघायला आप्पासाहेबांची ना नव्हती, पण मंडळाने विहीर आहे असं ठरवलं तरच.

"नकाशात फेरफार कोणकोण करू शकतं?"

"तिघंच. पंकज, शुभांगी वाबळे आणि सुनील. सुनीलने तर सगळा प्रोग्रामच लिहिलाय."

"सुनील कोण?"

"सुनील गाजरे." बोरुडे अवघडले. "आप्पासाहेबांचा पुतण्या."

म्हणजे एकाने वस्तीसाठी विहीर चिकटवली, नाहीतर दुसऱ्याने चुलत्यासाठी ती पुसली. गावात दोन्ही तर्क आधीच पोचले असणार.

"आज तर तुम्ही नुसतं विचारायला आला नाहीत," यशोधराबाई म्हणाल्या. "तुमच्या खिशात काहीतरी आहे. हात तिथेच जातोय मघापासून."

बोरुडेंनी घडी केलेला कागद पुढे केला. पंकजचं अक्षर त्या ओळखत होत्या.

चौथ्या पातळीवरची विहीर मीच वाढवली, असं त्याने लिहून दिलं होतं.

३

"कशी वाढवलीस, दाखव," यशोधराबाई म्हणाल्या.

कचेरीत कूलर चालू होता तरी पंकजच्या शर्टाची पाठ भिजली होती. लांबट हॉलमध्ये तीन मशीनं होती. सुनीलचं दाराशी, पंकजचं खिडकीशी आणि शुभांगीचं पार पलीकडच्या भिंतीला. मधली फरशी मोकळी होती आणि तिच्यावर टेबलाच्या पायांचे जुने चौकोनी डाग होते.

"मॅडम, मी लिहून दिलंय ना?"

"लिहून दिलेलं मी परीक्षेत तपासते. इथे करून दाखव. शेजारच्या शेतात तशीच एक विहीर काढ."

पंकजने चौथ्या पातळीचा चौकोन चित्रांच्या प्रोग्राममध्ये उघडला आणि माउसने एक गोल काढला. यशोधराबाईंनी खुर्ची पुढे ओढली. दोन्ही गोल मोठे करून पाहिले.

"तुझा गोल काळाभोर आहे," त्या म्हणाल्या. "कड स्वच्छ. आणि ही जुनी विहीर बघ. कडेला राखाडी, आत फिकट, एका अंगाला पुसट. शेजारचं हे चिंचेचं झाड बघ, हा बंधारा बघ. सगळ्यांच्या कडा अशाच आहेत. असं कशाने होतं?"

त्याने खुर्ची जराशी मागे घेतली.

"वर्गात तर पहिल्या बाकावर बसायचास."

"मोठं चित्र लहान केलं की होतं," तो पुटपुटला.

"म्हणजे विहीर हाताने काढलेली नाही. मोठ्या चित्रातून लहान होऊन आली आहे. मग तू खोटं का लिहून दिलंस?"

पंकजने माउस बाजूला सरकवला. यशोधराबाईंनी आवाज उतरवला. "तुझी आजी काल माझ्या दारात बसून होती. म्हणाली, बहात्तरला मी पाट्या वाहिल्या, तवा ह्याचा बाप माझ्या बरोबरीनं खनत हुता. तू विहीर खोटी म्हणालास की तिचं सगळं खोटं होतं. कोणाला वाचवतोयस तू?"

"कुणाला नाही."

"विहीर जाईल, पंकज."

"विहीर परत खणता येती, मॅडम," तो म्हणाला. एवढं बोलून तो उठला आणि पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेला.

जाताना त्याने भिंतीकडच्या टेबलाकडे पाहिलं नाही. इतक्या कसोशीने माणूस जिथे पाहत नाही, तिथे काहीतरी असतं. पण यशोधराबाईंच्या ते लक्षात यायला आणखी एक दिवस जायचा होता. त्या क्षणी त्यांच्या मनात सुनील होता.

४

सुनील गाजरे हुशार होता आणि हुशारी लपवणं त्याला जमत नव्हतं.

"विचारा," तो म्हणाला. "गावाला मी आधीच चोर वाटतोय. चुलते खूश आहेत माझ्यावर, ते तर त्याहून वाईट."

"चौथी पातळी कशी तयार होते?"

"पाचवीवरून. खालचे चार चौकोन जोडायचे, निम्मे लहान करायचे, वरचा एक होतो. मग चौथीवरून तिसरी. माझा प्रोग्राम करतो. हाताने कोणी काही काढत नाही."

"मग जे चौथीवर दिसतं ते कधीतरी पाचवीवर असलंच पाहिजे."

"असलंच पाहिजे."

"हे तुम्ही त्या दिवशी का बोलला नाहीत? पंकजवर आळ येत होता."

सुनीलने चष्मा काढून पुसला. "बोललो असतो तर पुढचा प्रश्न काय आला असता? पाचवीवर होती, मग पुसली कोणी? मशीनच्या चाव्या माझ्याकडे. फायदा माझ्या चुलत्याचा. मी म्हटलं, एक-दोन दिवसांत आपोआप कळेल. दुसऱ्या दिवशी पंकजने लिहून दिलं. मग तोंडच उघडवेना."

"तुम्ही पुसलीत?"

"नाही. शप्पथ घेत नाही, कारण तुम्ही ती मानणार नाही."

"पाचवी पातळी नंतर कोणी हाताळली?"

"दोघांनी. चौकोन कापले तेव्हा काही खुणा बरोबर कडेवर आल्या. अर्धी विहीर या चौकोनात, अर्धी त्या. त्यात कागद स्कॅनरवर किंचित तिरका बसलेला, म्हणून दोन अर्धुकं जुळेनात. लांबून, चौथीवर, ते कळत नव्हतं. पाचवीवर मात्र फुटक्या बांगडीसारखं दिसायचं. बोरुडेसाहेबांनी सांगितलं, साफ करून घ्या. खूण एका चौकोनात पूर्ण काढायची, दुसऱ्यातून पुसायची. खडकसांगवीचा पश्चिमेकडचा भाग पंकजला दिला, पूर्वेकडचा शुभांगीला."

"आणि साफ केल्यावर वरच्या पातळ्या पुन्हा तयार केल्या नाहीत?"

"लोडशेडिंगमध्ये रात्रभर चालणारं काम कसं करणार? राहून गेलं." तो कडवट हसला. "केलं असतं तर विहीर चौथीवरूनही गेली असती. आणि कुणालाही कधी कळलं नसतं."

यशोधराबाई उठल्या. दाराशी त्यांनी वळून विचारलं, "टेबलं कधी हलवली?"

"कुठली?"

"पंकजचं आणि शुभांगीचं. आधी शेजारी होती ना?"

सुनीलने चष्मा चढवला. "ते तुम्ही त्यांनाच विचारा," तो म्हणाला. "मी आता कुणाविषयी काही बोलणार नाही."

५

विहीर एकच नाहीशी झाली आहे हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. यशोधराबाईंनी ते धरलं नाही.

त्यांनी दोन मशीनं घेतली. एकावर चौथी पातळी, दुसऱ्यावर पाचवी. खडकसांगवीचं शिवार वरून खाली, पट्ट्यापट्ट्याने, दोन्हीकडे ताडून पाहिलं. मुलांच्या मोजणीवह्या तपासण्यात जन्म गेलेल्या बाईला हे काम कंटाळवाणं वाटत नाही. दुपारच्या जेवणाआधी त्यांना गाडीवाटेवरची एक मोरी सापडली. चौथीवर होती, पाचवीवर नव्हती. मग मारुतीचा पार. मग वस्तीची विहीर. आणि उत्तरेला आणखी एक विहीर, तीसुद्धा फक्त चौथीवर.

त्यांनी आप्पासाहेबांना कचेरीतूनच फोन लावला.

"तुमच्या मळ्यात चिंचेच्या उत्तरेला विहीर आहे का?"

"हाय की. आमची इंजिनाची हीर. पाच परस खोल पानी हाय तिला भर उन्हाळ्यात. का?"

"काही नाही. पाचव्या पातळीवर तीही नाही."

तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो तिला नकाशात शोधायला जात नाही. म्हणून इतके दिवस हे कोणाच्या नजरेला आलं नव्हतं.

चुलत्यासाठी पुसणारा चुलत्याचीच विहीर पुसणार नाही. मारुतीच्या पाराशी तर कोणाचंच वैर नव्हतं. यशोधराबाईंनी त्या जागा पट्टीने जोडल्या. मोरी, पार आणि दोन्ही विहिरी एकाच सरळ रेषेत आल्या, उत्तर-दक्षिण. ती रेष जमिनीवर कुठे नव्हती. पंकजचे चौकोन संपून शुभांगीचे सुरू होतात, तिथे ती होती. पंकजच्या आपल्याच दोन चौकोनांमधल्या कडा त्यांनी तपासल्या, सगळ्या खुणा शाबूत होत्या. शुभांगीच्याही तशाच.

दोघंही चोख काम करणारी होती. फक्त जिथे एकमेकांना विचारायला हवं होतं, तिथे सगळं गेलं होतं.

शुभांगी वाबळे पलीकडच्या भिंतीशी बसून होती. वय बावीस-तेवीस, केस घट्ट बांधलेले. बाहेर फाटकाशी तिचा भाऊ गोरक्ष मोटरसायकलवर बसून होता. तो हल्ली रोज सुटायच्या बराच आधी येऊन बसे.

यशोधराबाईंनी खुर्ची फाटकाकडे पाठ येईल अशी ठेवली. "कडेवरची खूण कोणी ठेवायची, हे कसं ठरायचं?"

"बोलून. मी नुसतं 'घे' म्हणायचे. तो घ्यायचा. नाहीतर तो म्हणायचा, 'ही तुला.' बाकीच्या गावांचं तसंच केलं आम्ही. टेबलं शेजारीच होती."

"आणि खडकसांगवीच्या वेळी?"

शुभांगी कीबोर्डवरच्या धुळीत बोट फिरवत राहिली. "त्याआधी दादा आला होता इथे. कोणीतरी घरी सांगितलं, आम्ही डबा एकत्र खातो म्हणून. दादाने हॉलमध्ये उभं राहून सगळ्यांसमोर... मला नाही, त्याला. जातीवरून बोलला. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने टेबल हलवलं. मीही हलवलं. घरी मला सांगितलं होतं, त्याच्याशी एक शब्द बोललीस तर नोकरी बंद."

"मग कडेवरच्या खुणा?"

"मला वाटलं, तो घेईल. नेहमी घ्यायचाच. मी माझ्याकडची अर्धी पुसून टाकली." तिने वर पाहिलं. "त्याने पण पुसली ना?"

"हो."

"माझ्यासाठी सोडली असेल," ती म्हणाली आणि ओढणीचं टोक तोंडावर दाबून धरलं.

यशोधराबाई तिथेच बसून राहिल्या. कोडं सुटलं होतं. एरवी त्यांना अशा वेळी हलकं वाटत असे.

"तुझं नाव मी समितीपुढे घेणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "रेष दाखवेन. तेवढं पुरेल."

फाटकाबाहेर हॉर्न वाजला.

६

तेवढं पुरलं नाही.

शनिवारी समिती बसली. बोरुडे, गावचे चार पंच, एका अंगाला आप्पासाहेब, दुसऱ्या अंगाला गोजरबाई आणि वस्तीवरच्या बाया. मंडळाची तिन्ही मुलं भिंतीशी उभी. शनिवारी अर्धा दिवस असे, म्हणून गोरक्षही आत येऊन दारात टेकला होता.

यशोधराबाईंनी सगळं क्रमाने मांडलं. गोलाची राखाडी कड, चाराचा एक होणारा चौकोन, मग रेष. सुनील पुढे आला आणि न विचारता म्हणाला, "मॅडम सांगतात ते खरं आहे. मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं." आप्पासाहेबांनी पुतण्याकडे पाहिलं नाही. ते रेषेकडे, तिच्यावरच्या आपल्या विहिरीकडे बघत होते.

"पटतंय," ते सावकाश म्हणाले. "पुसताना कुनाच्या मनात पाप नव्हतं, हे बी पटतंय. पर बाई, एक न्हाई पटत. दोघं एका खोलीत बसनार. चार पावलं अंतर. 'ही तू घेतो का मी घेऊ' एवढं इचारायला काय लागतं? एकदा चुकंल, दोनदा चुकंल. समद्या रेषेवर चुकतंय? त्यापरीस पोरानं लिवून दिलंय ते सोपं हाय. त्यानं खालून काढली, वर आनली, मग भ्याला आन् खालची पुसली. बाकीच्या खुना बी त्यानंच घालवल्या आसतील, संशय नको म्हनून."

पंचांनी माना हलवल्या. तर्क लंगडा होता, पण उभा होता. त्याला पाडायला एकच गोष्ट हवी होती, आणि ती न सांगण्याचा शब्द यशोधराबाईंनी दिला होता.

त्यांनी पंकजकडे पाहिलं. तो पुढे झाला. "आप्पासाहेब म्हणतात तसंच आहे," तो म्हणाला. "मीच केलं."

"आरं मुडद्या!" गोजरबाई ओरडल्या. "तुझ्या आजीनं खनलेली हीर तू वाढवली व्हय रं? सांग की, माझं डोस्कं बी तूच वाढवलं!"

कोणी हसलं नाही. बोरुडेंनी पेनचं टोपण काढलं.

"तो खोटं बोलतोय," शुभांगी म्हणाली.

दारातला गोरक्ष सरळ उभा राहिला. "शुभे."

"आम्ही बोलत नव्हतो," ती म्हणाली. ती पंचांकडे बघत होती, दाराकडे नाही. "टेबलं इकडे-तिकडे नेली तेव्हापासून. एक शब्द नाही. मी माझी अर्धी विहीर पुसली, त्याने त्याची पुसली. मला वाटलं तो काढेल, त्याला वाटलं मी काढेन. एवढंच झालं."

"न बोलायला काय झालं हुतं, पोरी?" एका पंचाने विचारलं. त्याने चांगल्या मनाने विचारलं होतं.

"माझ्या दादाला विचारा," शुभांगी म्हणाली. "तो म्हणाला होता, त्याच्याशी बोलायचं नाही. का, ते त्याने याच खोलीत सांगितलंय. बोरुडेसाहेबांनी ऐकलंय."

बोरुडेंनी मान खाली घातली. तीच साक्ष झाली.

पंकजने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "कशाला बोललीस?" तो इतक्या हळू म्हणाला की जवळ उभ्या असलेल्या यशोधराबाईंनाच ते ऐकू गेलं.

"विहीर आहे म्हणून," ती म्हणाली.

गोरक्षने आरडाओरडा केला नाही. त्याने आत येऊन तिची पर्स टेबलावरून उचलली आणि तिच्या पुढे चालू लागला. ती त्याच्या मागून गेली. मोटरसायकल सुरू होईपर्यंत सगळे ऐकत बसले होते.

"लिवा," आप्पासाहेब मग बोरुडेंना म्हणाले. "हीर आसंल तर निघंल. माझी ना न्हाई. आन् आज्याची खान हुती, हे मी ऐकून बोलत हुतो. बघितली न्हवती. नकाशात न्हाई म्हनल्यावर मला बी बरंच वाटलं." ते फेटा सारखा करत उठले आणि पुतण्यासाठी न थांबता बाहेर पडले.

७

विहीर निघाली. बाभळी तोडून गाळ उपसला, तेव्हा पुरुषभर खोलीवर दगडी बांधकाम लागलं. एका दगडावर बहात्तर सालच्या मजुरांनी छिन्नीने कोरलेली नावं होती, त्यातली बरीच वाचता येत नव्हती. विहिरीच्या दुरुस्तीचं काम यादीत बसलं आणि पावसाळ्यानंतर पूर्ण झालं.

पंकजवरचा आळ गेला. तरी त्याने राजीनामा दिला. बोरुडेंनी तो परत द्यायचा दोनदा प्रयत्न केला. त्याने घेतला नाही. पुण्यात एका नकाशे करणाऱ्या कंपनीत त्याला काम लागलं. जायच्या आदल्या दिवशी त्याने खडकसांगवीच्या त्या रेषेवरच्या सगळ्या खुणा पुन्हा काढून दिल्या. सगळ्या पूर्वेकडच्या, शुभांगीच्या चौकोनांत काढल्या. सुनीलने का ते विचारलं नाही, पातळ्या नव्याने तयार करायला लावल्या आणि मशीनजवळच बसून राहिला.

शुभांगी पुन्हा कामावर आली नाही. यशोधराबाई एकदा वाबळ्यांच्या घरी गेल्या. चहा मिळाला, मुलगी दिसली नाही. श्रीरामपूरकडचं स्थळ आहे, ऊसवाले आहेत, तिची आई म्हणाली. मुलीला विचारलं का, हा प्रश्न यशोधराबाईंच्या ओठांवर आला होता. त्या घरात बसून तो विचारणं त्यांना जमलं नाही. शब्द न मोडता सत्य सिद्ध करता येईल, असं त्यांनी त्या मुलीला सांगितलं होतं. शब्द मोडला नव्हता, तरी किंमत त्या मुलीनेच दिली होती.

डिसेंबरात गोजरबाईंचा निरोप आला, म्हणून त्या खडकसांगवीला गेल्या. विहिरीला पाणी होतं. दोन बाया रहाटावर होत्या, काठावर हंड्यांची गर्दी होती. गोजरबाईंनी तांब्याभर पाणी काढून पाहुण्यांच्या हातात दिलं आणि त्या पिईपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

"ग्वाड हाय का?"

"गोड आहे, आजी."

"पंक्याचं पत्र आलतं. मी म्हनलं, ये की बघायला. कामं हायत म्हनतो." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "आन् ती पोरगी? जी उठून बोलली? तिला आना की एकदा. तिच्या हातनं पहिला हंडा काडायचा हुता मला."

"तिचं लग्न झालं, आजी. श्रीरामपूरकडे दिली."

गोजरबाईंनी विहिरीत डोकावून पाहिलं.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. मग यशोधराबाईंकडे वळल्या. "तिकडं तिला बोलायला कुनी हाय का?"

यशोधराबाईंनी तांब्या खाली ठेवला. बायांनी रहाट थांबवला होता. सगळ्याजणी उत्तराची वाट बघत होत्या.